मार्ककृत शुभवर्तमान : कर्तृत्व, रचना आणि हेतू

ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या ‘नवा करार’ या भागात २७ पुस्तके असून त्यांतील मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांवर असलेली पहिली चार पुस्तके ‘शुभवर्तमाने’ म्हणून ओळखली जातात. येशू ख्रिस्ताचे कार्य, त्याची शिकवण, त्याचा वधस्तंभावरील मृत्यू आणि पुनरुत्थान ही श्रद्धावंतांच्या दृष्टीने मंगल वार्ता असल्यामुळे ती सांगणाऱ्या ग्रंथप्रकारालाही तेच नाव मिळाले. या चारांत मार्ककृत शुभवर्तमान सर्वांत लहान असून त्याचे १६ अध्याय आहेत आणि मूळ ग्रीक मजकूर ११,००० शब्दांच्या आसपास भरतो. उपासनेत आणि पंडितांच्या भाष्यांत शतकानुशतके मागे पडलेले हे पुस्तक एकोणिसाव्या शतकात अभ्यासाच्या केंद्रस्थानी आले, कारण चारांपैकी सर्वांत आधी तेच लिहिले गेले असावे, हे मत त्या शतकात मूळ धरू लागले. ते कोणी लिहिले याचे उत्तर बाहेरच्या साक्षींवर अवलंबून आहे आणि त्या साक्षी तोकड्या आहेत. ते कशासाठी लिहिले याचे उत्तर मात्र पुस्तकाच्या मांडणीतच सापडते.

पुस्तकात लेखकाचे नाव कोठेही येत नाही. नव्या करारातील प्रेषित पौलाची पत्रे ज्याप्रमाणे लिहिणाऱ्याच्या नावाने सुरू होतात, त्याप्रमाणे येथे लेखक स्वतःविषयी काही सांगत नाही आणि आपण अमुक घटना पाहिली असा दावाही करत नाही. प्राचीन हस्तलिखितांत आढळणारे ‘मार्कप्रमाणे’ हे शीर्षक नंतरच्या काळातले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात; एकाहून अधिक शुभवर्तमाने ख्रिस्ती मंडळ्यांत वाचली जाऊ लागल्यावर त्यांतील एक दुसऱ्यापासून वेगळे ओळखण्यासाठी अशा शीर्षकांची गरज पडली. त्यामुळे कर्तृत्वाची चर्चा पुस्तकाबाहेरच्या परंपरेपासून सुरू करावी लागते.

या परंपरेतील सर्वांत जुनी साक्ष पापियासची आहे. पापियास हा आशिया मायनरमधील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील, हिरापोलिस या नगराचा बिशप होता आणि दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने प्रभूच्या वचनांवर पाच भागांचा ग्रंथ लिहिला होता. तो ग्रंथ आज उपलब्ध नाही. परंतु चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस याने आपल्या ‘चर्चचा इतिहास’ या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात त्यातील काही उतारे नोंदवून ठेवले आहेत. पापियासने एका ज्येष्ठाच्या तोंडून ऐकलेली माहिती अशी की, मार्क हा येशूचा शिष्य पेत्र याचा दुभाषा होता. त्याने स्वतः येशूला ऐकले नव्हते किंवा त्याच्यामागून तो फिरला नव्हता. पेत्र प्रसंगानुरूप जे सांगत असे ते आठवेल तसे त्याने काळजीपूर्वक लिहून ठेवले, मात्र त्यात क्रम राखलेला नव्हता. हा उल्लेख स्तुतीपेक्षा बचावाच्या सुरातला आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मार्कच्या पुस्तकातील क्रमाविषयी त्या काळीच कोणी तरी आक्षेप घेत असले पाहिजे आणि पापियास त्या आक्षेपाला उत्तर देत असला पाहिजे.

पुढील लेखकांनी हीच परंपरा वाढवली. सुमारे १८० साली लियों येथील बिशप आयरेनियस याने पेत्र आणि पौल यांच्यानंतर मार्कने पेत्राचा उपदेश लेखनबद्ध केला असे लिहिले, तर अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने रोममधील श्रोत्यांच्या आग्रहावरून हे लेखन झाल्याचे सांगितले. एका जुन्या लॅटिन प्रस्तावनेत तर मार्कची बोटे खुंटलेली होती असाही तपशील येतो. हा मार्क म्हणजे नव्या करारातील ‘योहान मार्क’ होय, अशी समजूत याच ओघात दृढ झाली. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकानुसार त्याच्या आईचे, मरियेचे, घर यरुशलेममध्ये होते आणि तेथे विश्वासणारे प्रार्थनेसाठी जमत. तो पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर पहिल्या प्रवासास निघाला, परंतु वाटेतच त्यांना सोडून यरुशलेमला परतला, आणि पुढे त्याला पुन्हा बरोबर घ्यावे की नाही यावरून त्या दोघांत इतका वाद झाला की त्यांचे मार्ग वेगळे झाले. पेत्राच्या नावावर असलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी मार्कचा उल्लेख पुत्र म्हणून येतो आणि पेत्र व मार्क यांना जोडणारा नव्या करारातील तो महत्त्वाचा दुवा आहे.

या परंपरेच्या बाजूने एक मुद्दा ठामपणे मांडला जातो. मार्क हा बारा शिष्यांपैकी नव्हता, उलट प्रवासात साथ सोडणारा म्हणून त्याची नोंद झाली होती. एखाद्या अनामिक पुस्तकाला वजन मिळवून देण्यासाठी नाव शोधायचेच असते, तर त्याहून मोठे नाव निवडता आले असते. शिवाय या पुस्तकासाठी दुसऱ्या कोणत्याही लेखकाचे नाव प्राचीन काळात पुढे आलेले नाही. विरुद्ध बाजूचे मुद्देही तितकेच विचारात घेण्यासारखे आहेत. मार्कस हे रोमन जगातील अतिशय प्रचलित नाव होते, त्यामुळे शीर्षकातील मार्क हा योहान मार्कच होता असे गृहीत धरता येत नाही. सातव्या अध्यायात येशू सोर येथून सीदोनमार्गे गालील समुद्राकडे येतो, वास्तविक सीदोन हे सोरच्या उत्तरेला आणि समुद्र आग्नेयेला असल्यामुळे हा मार्ग उलट दिशेचा ठरतो. यरुशलेममध्ये वाढलेल्या माणसाकडून असे लिहिले जाईल का, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. १९१९ ते १९२१ या काळात श्मिट, डिबेलियस आणि बुल्टमान या जर्मन अभ्यासकांनी असे दाखवून दिले की, या पुस्तकातील बहुतेक प्रसंग स्वतंत्र, आटोपशीर आणि वारंवार सांगून घोटले गेलेले आहेत आणि त्यांना जोडणारी चौकट लेखकाची आहे. ही सामग्री एका प्रत्यक्षदर्शीच्या आठवणींपेक्षा अनेक मंडळ्यांच्या तोंडी परंपरेतून आलेली दिसते.

लेखकाचे नाव निश्चित करता येत नसले तरी त्याचा वाचक कोण होता, याविषयी पुस्तक बरेच बोलते. ‘एफ्फाथा’ आणि ‘अब्बा’ यांसारखे येशूच्या बोलीतील, म्हणजे अरामी भाषेतील, शब्द तो जपून ठेवतो आणि लगेच त्यांचा ग्रीक अर्थ देतो. जेवणापूर्वी हात धुण्याची यहुदी रीत तो सविस्तर समजावून सांगतो, यावरून त्याच्या वाचकांपैकी अनेकजण यहुदी नव्हते हे उघड होते. सैन्य, नाणी आणि शासन यांविषयीचे लॅटिन शब्द तो ग्रीक रूपात वापरतो, आणि गरीब विधवेने मंदिराच्या भांडारात टाकलेल्या दोन नाण्यांची किंमत रोमन नाण्यात सांगतो. वधस्तंभ वाहून नेण्यास भाग पाडलेल्या कुरेनेकर शिमोनाची ओळख तो आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप अशी करून देतो, म्हणजे ही दोन नावे त्याच्या पहिल्या वाचकांना माहीत असली पाहिजेत. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रातही एका रूफाला नमस्कार सांगितलेला आहे. या खुणांवरून रोम हे लेखनस्थान असावे असे अनेकांचे मत आहे, तर यहुदी युद्धाची झळ जवळून जाणवते या कारणाने काही अभ्यासक सीरिया किंवा गालीलच्या परिसराकडे बोट दाखवतात.

लेखनकाळाचा प्रश्न याच युद्धाशी निगडित आहे. यहुद्यांनी रोमविरुद्ध इ. स. ६६ मध्ये उठाव केला आणि इ. स. ७० मध्ये रोमन सेनापती टायटसच्या सैन्याने यरुशलेम जिंकून तेथील मंदिर भस्मसात केले. तेराव्या अध्यायात येशू मंदिराच्या संपूर्ण नाशाचे भाकीत करतो, युद्धांच्या वार्ता आणि छळ यांविषयी शिष्यांना सावध करतो, आणि मध्येच लेखक कथनाचा धागा सोडून थेट आपल्या वाचकाला उद्देशून लक्ष देण्याची सूचना करतो. ही सूचना त्या वाचकाच्या डोळ्यांसमोर घडत असलेल्या घटनांकडे निर्देश करते, असे मानून बहुतेक अभ्यासक या पुस्तकाचा काळ इ. स. ६५ ते ७५ यांच्या दरम्यान ठेवतात. रोमच्या आगीनंतर इ. स. ६४ मध्ये नीरो बादशहाने तेथील ख्रिस्ती लोकांचा जो छळ केला, तोही या कालखंडाला लागूनच येतो.

पुस्तकाची रचना तीन टप्प्यांत उलगडते. पहिल्या आठ अध्यायांत गालीलमधील कार्य येते. आठव्याच्या उत्तरार्धापासून दहाव्यापर्यंत यरुशलेमकडे जाणारी वाट येते. आणि अकराव्यापासून शेवटपर्यंत, म्हणजे पुस्तकाच्या सुमारे एक तृतीयांश भागात, येशूचा यरुशलेममधील अखेरचा आठवडा येतो. जन्मकथा येथे नाही, मत्तयातील डोंगरावरचे प्रवचन नाही आणि प्रभूची प्रार्थनाही नाही. योहानाकडून बाप्तिस्मा घेणारा प्रौढ येशूच पहिल्या पानावर उभा राहतो. कथन झपाट्याने पुढे सरकते. ‘लगेच’ या अर्थाचा ग्रीक शब्द चाळीसेक वेळा येतो, भूतकाळातील घटना दीडशेच्या आसपास ठिकाणी वर्तमानकाळी क्रियापदांत सांगितल्या जातात, आणि वाक्ये ‘आणि’ने जोडत जाणारी ही ग्रीक सुशिक्षितांच्या ग्रंथभाषेपेक्षा बाजारातील बोलण्याला जवळची आहे. तरीही नेमके तपशील जागोजागी आहेत: वादळात नावेच्या मागच्या भागात उशीवर डोके ठेवून झोपलेला येशू, किंवा पाच हजारांचा समुदाय ज्यावर पंक्तींनी बसला ते हिरवे गवत.

या साध्या भाषेमागची योजना पाचव्या अध्यायातील एका प्रसंगावरून स्पष्ट होते. सभास्थानाचा अधिकारी याईर येशूच्या पाया पडून आपल्या मरणासन्न मुलीसाठी विनवणी करतो आणि येशू त्याच्याबरोबर निघतो. वाटेत १२ वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री गर्दीतून मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते आणि बरी होते. येशू थांबून तिला शोधतो आणि या खोळंब्यातच मुलगी मरण पावल्याची बातमी येते. त्यानंतर तो याईराच्या घरी जाऊन मुलीला उठवतो, आणि ती १२ वर्षांची होती हे लेखक शेवटी सांगतो. एका कथेच्या पोटात दुसरी कथा बसवण्याची ही पद्धत लेखकाने अनेक ठिकाणी योजली आहे, कारण त्यामुळे एक कथा दुसरीचा अर्थ उजळते. येथे प्रतिष्ठित पुरुष आणि विटाळामुळे समाजापासून दूर पडलेली निनावी स्त्री यांना एकाच विश्वासाच्या कसोटीवर उभे केले आहे, आणि थांबावे लागलेल्या बापाला त्या स्त्रीकडूनच धडा मिळतो. मार्कने २३ ओव्यांत, म्हणजे धर्मग्रंथाच्या क्रमांकित वचनांत, सांगितलेला हा प्रसंग मत्तयाने ९ ओव्यांत आटोपला. त्याच्याकडे मुलगी सुरुवातीलाच मेलेली असल्यामुळे खोळंब्याचा ताण उरत नाही. अनेक वैद्यांच्या हातून त्या स्त्रीचे दुखणे उलट वाढले, हा मार्कचा शेरा लूकनेही गाळला आहे.

मधला टप्पा हा पुस्तकाचा गाभा आहे. त्याच्या तोंडाशी बेथसैदा येथील आंधळ्याची कथा येते: येशू त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो, तेव्हा त्याला माणसे दिसतात पण ती चालत्या झाडांसारखी भासतात, आणि दुसऱ्यांदा हात ठेवल्यावरच स्पष्ट दिसू लागते. दोन टप्प्यांत बरे होण्याची ही एकमेव कथा मत्तयाने आणि लूकने घेतली नाही. तिच्यानंतर लगेच कैसरीया फिलिप्पै येथे पेत्र येशूला ख्रिस्त, म्हणजे देवाने अभिषेक केलेला तारणारा, म्हणून ओळखतो. मात्र या तारणाऱ्याला दुःख भोगून मरावे लागेल असे येशू सांगताच तोच पेत्र त्याला अडवू लागतो. पेत्राची ही दृष्टी त्या आंधळ्याच्या पहिल्या अर्धवट दृष्टीसारखी आहे. पुढे येशू आपल्या मृत्यूचे भाकीत तीन वेळा करतो आणि तिन्ही वेळा शिष्य चुकतात. दुसऱ्या वेळी आपल्यात मोठा कोण यावर ते वाद घालतात, तर तिसऱ्या वेळी याकोब आणि योहान वैभवात उजवी-डावी आसने मागतात. यरीहो येथे बार्तीमय या आंधळ्याला दृष्टी मिळते आणि तो येशूच्या मागे वाटेने चालू लागतो, तेथे हा टप्पा संपतो. दोन आंधळ्यांच्या मध्ये न पाहू शकणारे शिष्य ठेवण्यात लेखकाचा हेतू दडलेला आहे.

येशू भुतांना, बरे झालेल्यांना आणि शिष्यांनाही आपली ओळख उघड न करण्याची ताकीद देतो, ही या पुस्तकातील आणखी एक लक्षणीय बाब होय. जर्मन अभ्यासक विल्यम व्रेडे याने १९०१ साली या गुप्ततेवर स्वतंत्र ग्रंथ लिहून असे प्रतिपादन केले की, ही ऐतिहासिक आठवण नसून धर्मविचारातून घडलेली रचना आहे. त्याचे सर्व निष्कर्ष टिकले नाहीत, पण मार्क हा निव्वळ आठवणी टिपणारा लेखनिक नसून विचारपूर्वक मांडणी करणारा लेखक आहे, ही जाणीव त्याच्यामुळे रुजली. पुस्तकात येशूला देवाचा पुत्र म्हणून पूर्ण अर्थाने ओळखणारा पहिला मनुष्य म्हणजे वधस्तंभासमोर उभा असलेला रोमन शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा अंमलदार. आणि ही ओळख चमत्कार पाहून नव्हे, तर येशू कसा मेला ते पाहून पटते. बाप्तिस्म्याच्या वेळी आकाश फाटल्याचे सांगताना लेखकाने जे क्रियापद वापरले, तेच तो मृत्यूच्या वेळी मंदिराचा पडदा फाटल्याचे सांगताना वापरतो. दोन्ही प्रसंगी पुत्र म्हणून घोषणा होते, एकदा आकाशातून आणि एकदा परक्या शिपायाच्या तोंडून.

पुस्तकाचा शेवट हा हस्तलिखितांच्या अभ्यासातील मोठा प्रश्न आहे. कोडेक्स व्हॅटिकॅनस आणि कोडेक्स सिनायटिकस या चौथ्या शतकातील दोन प्रतींमध्ये (कोडेक्स म्हणजे गुंडाळीऐवजी पाने शिवून केलेली पोथी) मार्कचा मजकूर सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर थांबतो: कबर रिकामी पाहून स्त्रिया थरथरत पळतात आणि भयामुळे कोणाला काही सांगत नाहीत. उठलेल्या येशूचे दर्शन तेथे घडत नाही. छापील बायबलांत आढळणाऱ्या ९ ते २० या ओव्या नंतर जोडल्या गेल्या, हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात, कारण त्यांची शब्दकळा वेगळी आहे आणि युसेबियसलाही त्या नसलेल्या प्रती ठाऊक होत्या. तरीही आयरेनियस त्यांचा हवाला देतो, म्हणजे ही जोड दुसऱ्या शतकातच झाली होती. काही प्रतींत याहून वेगळा, छोटा शेवट येतो. मूळ शेवटचे पान हरवले की लेखक मुद्दामच तेथे थांबला, यावर एकमत नाही. मात्र शिष्यांचे वारंवार चुकणे दाखवणाऱ्या पुस्तकाला, वाचकावरच साक्ष देण्याची जबाबदारी टाकणारा असा शेवट विसंगत नाही.

या पुस्तकाचे स्थान दीर्घकाळ दुय्यम मानले गेले, याचे एक कारण ऑगस्टीनचे मत हे होते. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा हा बिशप सुमारे ४०० साली मार्कला मत्तयाच्या मागून चालणारा आणि त्याचा सारांश करणारा म्हणत असे. मार्कमधील सुमारे नव्वद टक्के मजकूर मत्तयात सापडतो, त्यामुळे मोठे पुस्तक हाताशी असताना संक्षेप कोण वाचणार, अशीच सर्वसाधारण वृत्ती होती. १८३५ साली लाखमान आणि १८३८ साली विल्के व वाइसे या अभ्यासकांनी उलट दिशा दाखवली: मत्तय आणि लूक यांचा प्रसंगक्रम जुळतो तो मुख्यतः मार्कच्या क्रमाला धरूनच. नासरेथ येथे येशूला पराक्रमाचे कृत्य करता आले नाही, असे मार्क लिहितो. मत्तय तेथे त्याने फारशी कृत्ये केली नाहीत, असे लिहितो. अवघड विधान सौम्य करणारा नंतरचा असण्याची शक्यता अधिक, हे तर्कशास्त्र येथे लागू पडते. १८६३ साली होल्ट्झमानने या विचाराला व्यवस्थित रूप दिले आणि मत्तय व लूक यांनी मार्कबरोबर वचनांचा एक दुसरा संग्रह वापरला, हे मत पुढे सर्वाधिक मान्य झाले. १९६४ साली विल्यम फार्मरने या मताला आव्हान दिले, पण बहुसंख्यांचा कल बदलला नाही.

मराठीतही पारंपरिक पसंतीचाच क्रम दिसतो. बंगालमधील श्रीरामपूर येथील मिशनरी विल्यम कॅरीच्या छापखान्यातून १८०५ साली मराठीत प्रसिद्ध झाले ते मत्तयाचे शुभवर्तमान होते. त्याआधी, १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापल्या गेलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त येशूचे चरित्र सलग ओवीबद्ध झाले होते, पण सलग चरित्रात चार शुभवर्तमानकारांचे वेगवेगळे आवाज मिसळून जातात आणि मार्कचा अपुरा, अस्वस्थ करणारा शेवट त्यात वेगळा उरत नाही. हे पुस्तक मार्कच्या स्वतःच्या क्रमाने वाचले, तरच त्याची योजना हाती लागते.

कर्तृत्वाविषयी निर्णय देताना म्हणूनच संयम आवश्यक ठरतो. पेत्राचा सहकारी मार्क हाच लेखक असणे शक्य आहे, पण पापियासच्या ऐकीव साक्षीपलीकडे ते सिद्ध करणारा पुरावा नाही. आणि आज उपलब्ध असलेले मार्कचे सर्वांत जुने तुकडे, त्यांत ऑक्सिरिंकस येथे सापडलेला व २०१८ साली प्रसिद्ध झालेला पपायरसचा तुकडाही आला, दुसऱ्या शतकाच्या अखेरीच्या किंवा तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीच्या मागे जात नाहीत. हेतूविषयी मात्र इतकी अनिश्चितता नाही. छळ, युद्ध आणि आपल्यातल्यांचेच माघार घेणे अनुभवत असलेल्या एका मंडळीला, वधस्तंभ हा येशूच्या कार्याचा पराभव नसून त्याची ओळख पटवणारी जागा आहे, आणि चुकलेल्या शिष्यालाही पुन्हा मागे चालता येते, हे पटवून देण्यासाठी हे पुस्तक रचले गेले. येशूच्या जीवनाचे सलग कथन करणारा हाच पहिला ज्ञात ग्रंथ असून मत्तय आणि लूक यांनी आपापली शुभवर्तमाने त्याच्याच चौकटीवर उभारली.